बाकाची उंची

बुरैमीत, कुंपणापासून ऐंशी पावलांवर
आम्ही सबला बांधत होतो.
सबला म्हणजे चावडी, मी इराण्णाला सांगितलं.
चावडीत पाटलाची खुर्ची असते, तो म्हणाला, इथं कुठाय?

नव्हतीच.
इंजिनीअर थुरैयाबाईंनी नकाशात
भिंतीच्या कडेनं एकच बाक फिरवला होता,
चौदा इंच उंच, कुठंही न तुटणारा.
दार एवढं बुटकं की पलीकडून
पास दाखवून आलेला शेखसुद्धा वाकूनच आत यावा.
कोपरे गोल कशाला, मी विचारलं.
"कोपऱ्यात माणूस गप्प बसतो."

मधोमध फलज, म्हणजे आपला पाट.
ते पाणी कुंपणाखालून येतं, त्याला पास लागत नाही.
त्यावर फरशी घालायची नाही, बाई बजावून गेल्या,
भांडण त्याचंच आहे :
कुणाच्या पाळीतला अर्धा तास कुणी खाल्ला,
कुणाच्या खजुरी कुणामुळं वाळल्या.
पाणी समोर वाहत असलं
की थापा जरा कमी सुचतात.

आदल्या रात्री गिलावा पुसून
मी टेकलो. समोर इराण्णा.
अकरा वर्षं आमच्या खाटा शेजारी-शेजारी,
दोघांचीही नजर पंख्याला.
गुडघ्यासमोर गुडघा असा पहिल्यांदाच.

"फाट्यावरच्या पाटीला डांबर तूच फासलंस, भरमू."
"मीच. आणि एसटीच्या काचा?"
"धाकट्या भावानं."

मग निघालंच सगळं :
माझ्या बापाला वाचता न आलेला जमिनीचा उतारा,
त्याच्या बहिणीला शाळेत पडलेलं नाव,
कोर्टाच्या तारखा, ज्यांना गाव जातं
आणि नुसतंच जेवून परत येतं.
चुन्याची भिंत आवाज गिळत होती,
ओरडायची गरज पडली नाही.
दोनदा मी म्हणालो, खोटं.
एकदा तो रडला, किंवा सिमेंट गेलं असेल डोळ्यात.

मिटलं काहीच नाही.
पहाटे अजान झाली, आधी पलीकडून, मग अलीकडून.

दुपारी म्हातारे आले, खलफान इकडचे, मुसब्बह तिकडचे.
आम्ही बाहेर गाडीत मिक्सर चढवत होतो.
आतून आवाज चढला. कुणीतरी तावातावानं उठलं असावं,
पण चौदा इंचांवरून उठायला म्हाताऱ्याला वेळ लागतो,
तेवढ्यात कुणीतरी कॉफी ओतली.

इराण्णा हसला. "बाई हुशार आहे."
मग दोरी आवळत म्हणाला,
"पाटीचं मात्र अजून राहिलंय."