पुडी

बाप पुड्या बांधायचा.
नंदुरबारच्या बाजारात, शिकेकाईच्या पोत्याला टेकून,
ओवा, मुरुडशेंग, हिरडा, कधी चिमूटभर केशर
जुन्या वहीच्या कागदात.
दोऱ्याचे तीन वेढे, उरलेला दातानं तोडायचा.
म्हणायचा, घट बांध, नईते वास पयी जास.
आनि ज्याले दिनी त्याले सुटनी पाह्यजे.
मी दुकान घेतलं नाही. शिकले, शिरपूरला आले,
आणि इथंही पुड्याच बांधते.

फक्त कागद दिसत नाही.
कोळंबीच्या टरफलांचा तो,
समुद्राकडून पिशवीत आलेला,
व्हिनेगरच्या वासात रात्रभर विरघळलेला.
एका केसाच्या रुंदीत
अशा पाचशे पुड्या ओळीनं बसतील.
तळाशी चुंबकाची कांडी गरगर फिरते.
थेंब, थेंब, थांबायचं, थेंब,
आणि स्वच्छ पाणी हळूच निळसर होतं
ताकावरच्या निवळीसारखं.
तेव्हा कळतं, बांधलं गेलं.

दर वेळी नाही.
मागच्या मंगळवारी वीज गेली,
कांडी थांबली, पुड्या एकमेकींना बिलगल्या,
सकाळी बाटलीच्या बुडाशी चिकट साय.
यंत्रानं दाखवलेला आकडा मी वहीत लिहिला नाही.
दुपारी लिहिला.

तेल दिलवर वळवी आणतो.
तोरणमाळच्या उतारावर रोशा कापतात, भट्टीवर चढवतात.
गवतच ते, पण वास गुलाबाचा;
लांबच्या गावांत म्हणे गुलाबाच्याच नावानं खपलं.
सोड्याच्या बाटलीतून आणतो,
बुचावर प्लास्टिक, प्लास्टिकवर रबर.
जिना चढताना दोनदा थांबतो.
घोट्याच्या वर जखम, दोन वर्षं झाली, भरत नाही.
सिकलसेलचं कार्ड पाकिटात, बसच्या पासमागं.

त्याला मी समजावलं होतं :
रक्ताच्या लांबलचक मजकुरात
एकच अक्षर बदललंय.
तो हसला. रेशनकार्डावर त्याचं ‘दिलावर’ झालं होतं,
एक काना खोडायला तहसिलीच्या चार चकरा.
म्हणाला, याची तहसील कुठं?
हाडांच्या आत, म्हटलं, गरात.
मग अर्ज कोण नेणार?

तीच तर पुडी.
एकीत तेल, जखमेसाठी.
दुसरीत नीट लिहिलेलं अक्षर;
तिथं ऋण आणि धन एकमेकांना धरून बसतात,
दोरा लागत नाही.
अजून ती काचेच्या ताटलीतल्या पेशींपर्यंतच पोचते,
शंभरातल्या सातच दार उघडतात.
मग उंदीर. मग कागदपत्रं. मग कधीतरी माणूस.
किती वर्षं, त्यानं विचारलं.
खरा आकडा मला माहीत नव्हता,
खोटा तोंडात आला होता, तो गिळला.
बाहेर केळीचा ट्रक मागं मागं येत होता,
कुणीतरी आन दे, आन दे, ओरडत होतं.

काल त्याच्याच हातात कुपी दिली, त्याच्या रोशाची.
नाकाजवळ नेली, हलवली, पुन्हा नेली.
तोंड पडलं त्याचं.
“वास नाही येत, ताई. माझं तेल कुठं गेलं?”
आतच आहे, म्हटलं, पुडी घट्ट बसलीय.
आणि बाप आठवून छाती जरा फुगली माझी,
खोटं कशाला बोलू.

त्यानं कुपी उजेडात धरली.
पँट घोट्यावरून थोडी वर ओढली, जखमेकडं बघितलं,
मग माझ्याकडं.
“घट्ट आहे ते कळलं,” म्हणाला,
“सुटते का, ते सांग.”