शेपटीवरची खाच

क्विलर्स कोव्हच्या धक्क्यावर, मच्छीमार सोसायटीच्या खोलीत
मी शेवंडांचा हिशेब लिहिते.
अकरा वर्षं. पौंड, दर,
आमिषाचे वजा, डिझेलचे वजा.
बाहेर मेनचा समुद्र, शिशासारखा,
आत एक काटा, एक हीटर आणि मी.

पहिल्याच उन्हाळ्यात डेलमार अ‍ॅली मला बोटीवर घेऊन गेला.
पहाटे साडेचारला पिंजरा वर आला.
आत एक मादी, पोटाखाली अंडी चिकटलेली,
काळपट, दाट, भिजवलेल्या सब्जासारखी.
मी रेवदंड्याची. मला आधी आठवली गाभोळी,
हळद-तिखट लावून तव्यावर टाकलेली.
लाज वाटायला नंतर वेळ मिळाला.
त्याने तिला उलटी धरली,
शेपटीच्या पंख्यातलं एक पातं चिमटीत घेतलं
आणि त्यात त्रिकोणी खाच पाडली,
एसटीचा कंडक्टर तिकिटाला पाडायचा तशी.
मग पाण्यात.
“आता ही कुणाची नाही,” म्हणाला.
थोडं थांबून, “म्हणजे सगळ्यांची.”

पुढच्या वर्षी अंडी नसतील तिच्या पोटी,
तरी खाच दिसेल,
आणि जो कुणी तिला वर काढेल,
धुक्यात, एकटा, बँकेचा हप्ता थकलेला,
मैलभर पाहणारं कुणी नसताना,
तो तिला परत सोडेल.
मी विचारलं, आणि नाही सोडली तर?
डेलमारने इंजिनाचा आवाज वाढवला.

उत्तर कळलं सातव्या वर्षी.
रॉस्को बील ब्रशने अंडी खरवडून
माद्या विकत होता.
माझ्याच काट्यावर. आकडे माझ्याच अक्षरात.
पोलिसात कुणी गेलं नाही.
आधी त्याच्या दोरीला एक गाठ दिसली, त्याने न मारलेली.
मग दुसरी.
मग ऐंशी पिंजरे तळाला गेले, दोर कापलेले,
आणि दुकानात त्याच्या बायकोशी, नेटीशी,
सगळे नेहमीपेक्षा जास्त गोड बोलले.
ज्यांनी दोर कापले ते माझे मित्र आहेत.
नाताळात मला केक आणून देतात.
हे कुठल्या रकान्यात मांडायचं, अजून ठरलेलं नाही.

आणि माझा निनाद.
इथं जन्मला, शिवी देतो तीही इथलीच,
परवान्याच्या यादीत एकशे चौदावा.
एक म्हातारा मेला की एक घर पुढे.
समुद्र सगळ्यांचा,
‘सगळे’ किती ते मात्र मोजून ठेवलेलं.
तेही बरोबरच. मीच पटवून सांगेन कुणालाही,
कुंपण नसतं तर खाचही टिकली नसती.
तरी तो खिडकीशी उभा राहून परतणाऱ्या बोटी मोजतो
तेव्हा मी वहीत डोकं घालते.

काल संध्याकाळी डेलमारने
(हात थरथरतात आता त्याचे)
क्रेटमधली एक मादी उचलून दिव्याखाली धरली.
पात्यावर कडेला किंचित दबल्यासारखं काही.
कात टाकता टाकता खाच बुजत जाते,
दोन-तीनदा टाकली की शपथेवर कुणी सांगू शकत नाही.
चांगली दोन पौंडांची. भावही काल बरा होता.
त्याने अंगठा फिरवला,
मग माझा अंगठा धरून तिथे टेकवला.
“लागतंय काही?”
मला काहीच लागत नव्हतं. थंडीने बोटं बधिर.
“असेल,” मी म्हटलं.
“असेलच,” तो म्हणाला.
धक्क्यावरून ती खाली पडली तेव्हा
फारसा आवाजसुद्धा झाला नाही.

माझ्या वहीत आलेल्याची नोंद असते, विकलेल्याची असते,
सोडलेल्याचा रकाना छापलेलाच नाही.
समासात पेन्सिलीने मी एक बारीक त्रिकोण काढला.
निनाद डोकावला. हे काय?
म्हटलं, राहू दे.
ते वजनात धरायचं नसतं.