गुडघा

बाबा रेडिओवाल्यांना सापडले राईस मिलमध्ये.
हलर धडधडत असायचा,
अन् हिशेबाच्या टेबलावरून त्यांनी मारलेली हाक
हमालाला रस्त्यापलीकडच्या टपरीवर ऐकू जायची.

मग चोवीस वर्षं.
धान कापून झालं की बांधीतली धसकटं उपटून मैदान,
मंडईच्या दुसऱ्या रात्री कबड्डी.
चंद्रपूरहून जीप, जीपमध्ये बॅटरी,
माईकला मफलर गुंडाळून आडकूजी गभणे:
"श्रोतेहो, तळोधीचा गडी निघाला चढाईला..."

माझं काम चिठ्ठ्या.
बारदान्याच्या पावत्यांच्या पाठीवर
नाव, गाव, नंबर.
दहा वर्षांची होते. घाईत 'ढवळे'चं 'ढवळ' केलं,
ते साऱ्या जिल्ह्याने ऐकलं.
परतताना एसटीत बाबा एवढंच म्हणाले,
"बाई, माणसाची मात्रा खाऊ नाही."

एका सामन्याचे दीडशे. चेक यायचा होळीला.
आई म्हणायची, कोंबडी बरी,
ओरडली की अंडं तरी देते.

एकदा नागभीड-सिंदेवाही, शेवटची पाच मिनिटं,
लाईट गेली.
पंचांची शिट्टी. मग कोणीतरी खोकलं.
जीपची बॅटरी मात्र चालू, प्रक्षेपण चालू,
माझ्या हातात चिठ्ठ्यांची गड्डी
अन् एकही वाचता येईना.
"श्रोतेहो, इथं अंधार आहे. सामना थांबला आहे.
तोवर सत्याहत्तरचा एक पाहून घ्या."

अन् सुरू झाले, वर्तमानकाळात.
लहानू मडावी येतोय, डावा खांदा पुढे,
कोपऱ्यात दशरथ (तो वारला होता),
मधे शेंडे (तो भिलाईला वेल्डर),
लहानूने हूल दिली, पाय पकडला,
अंधारातून एक म्हातारा ओरडला, "सोडू नोका रे!"
लहानू सरपटतोय, हात मध्यरेषेकडे, वीतभर,
आणि नाही, श्रोतेहो,
गुडघा रेषेबाहेर. बाद.

अकरा मिनिटांनी लाईट आली.
लोक डोळे चोळत नव्या पोरांकडे पाहू लागले,
हे कोण, असं.

ती टेप केंद्राने पुसली,
तीवर तुडतुड्याच्या बंदोबस्ताची माहिती भरली.

पंधरा दिवसांनी राजोलीहून पोस्टकार्ड.
"आडकूजी, जय सेवा. माहा गुडघा लागला नव्हता.
रेघ पुसली होती. मी कोणाले बोललो नाही,
पण तुमी रेडिओवर सांगतलं."
बाबांनी त्याच दिवशी उलट टपाली लिहिलं:
"लहानूभाऊ, जय सेवा. लागला होता."

जीप यायची बंद झाली. मिलही विकली.
कार्ड मात्र दर मंडईला.
नव्हता.
होता.

यंदा बाबांचा हात थरथरतो, म्हणून मी पेन घेतला.
विचारलं, "बाबा, खरंच लागला होता?"
एका चढाईचा दम पुरेल इतका वेळ
ते ओसरीवरून बाहेर पाहत राहिले.
मग म्हणाले,
"मधे शेंडे उभा होता. त्याची पाठ दिसत होती मले.
लिही. होता."

मी लिहिलं.
पत्त्यात मडावी, 'वी' दीर्घ.