टप

व्हॅलियंटचा टप उघडा करून सात आठवडे झाले.
शेडच्या पत्र्याखाली ती उभी आहे,
कुणाच्या तरी दारात टोपी काढून उभं राहावं तशी.

पांतेलिस म्हणतो, नुसता रंग. बदामी.
मी म्हणते, व्हिनाइल. तपकिरी, दाणेदार, होतं तसंच.
नातू म्हणतो, आजी, व्हिनाइल म्हणजे पाणी मुरायची जागा,
आणि मागच्या काचेच्या कडेला बोट घालून दाखवतो.
बोट आरपार जातं.

पाणी कुठे मुरतं ते मला नको शिकवूस, लॅक्लन.
एकाहत्तर ते अठ्ठ्याहत्तर, टॉन्स्ली पार्क, ट्रिमची लाइन,
एका टपाला साडेसहा मिनिटं.
गोंदाचा फवारा, खडूची मधली रेघ,
मग मध्यापासून कडेकडे तळवा, तळवा, तळवा.
आत हवा राहता कामा नये.
राहिली तर फोड येतो,
आणि अ‍ॅडलेडचा जानेवारी कुणाचाच फोड लपू देत नाही.

हा भिंतीपलीकडे, रंगाच्या खोलीत.
तेव्हा ओळख नव्हती. ओळख त्याच्या टपांशी:
गाडीच्या बाजू आरशासारख्या
आणि वर प्रायमर, जाता जाता उडवलेला.
व्हिनाइल बसायचंय ना, मग कशाला वाया घालवा,
असा फोरमनचा हिशेब.
सांधा ओबडधोबड राहिला, तरी तोच हिशेब.
झाकली मूठ.
सात वर्षं मी पांघरूण घालायचा पगार घेतला.

लग्नानंतरच्या पहिल्या भांडणात त्याने हेच काढलं,
की तू माझं काम झाकायचीस.
काय काम? म्हटलं. होतं कुठे तिथे काम?
त्या दिवशी मसूर करपला.
त्याला आता सत्तेचाळीस वर्षं झाली,
पातेलं अजून वापरात आहे.

मेलबर्नहून कापड मागवायचं तर चौदाशे डॉलर.
लॅक्लनने वहीत दोन रकाने पाडले, फायदे तोटे.
तिसऱ्यात मी टोमॅटोची रोपं किती जगली ते लिहिलं.

मग मंगळवारी, टपाच्या डाव्या कोपऱ्यात,
वाळून मधासारख्या झालेल्या गोंदात
एक पंजा सापडला.

मी माझा ठेवून पाहिला. नाही. बोटं आखूड.
रोझाल्बाचा असेल, तिचा अंगठा असाच बाहेर पळायचा.
किंवा त्या सर्बियन पोरीचा,
जी एका नाताळच्या सुट्टीनंतर आलीच नाही
आणि जिचा डबा महिनाभर कपाटात वाजत राहिला.
लॅक्लनने फोटो काढला.
पांतेलिसने थिनरचा डबा खाली ठेवला
आणि उगाच पाना शोधायला लागला.
कारण रंग द्या की व्हिनाइल लावा,
गोंद काढावाच लागतो. दोन्ही रकान्यांत.

तारेवर गलाह पोपट कलकलत होते.
बोळा शेवटी मीच घेतला.
आधी अंगठा गेला.

काल रात्री जेवताना तो म्हणाला,
लाव तुझं व्हिनाइल.
पण आधी मी टपाला पुरा रंग देणार.
तीन हात, मध्ये मध्ये घासून.
दिसणार कुणाला?
कुणालाच नाही, म्हणाला,
आणि ऑलिव्हची बी ताटाच्या कडेला नीट मांडून ठेवली.

आज पहिला हात वाळतोय.
शेडचं दार उघडू देत नाही, धूळ बसेल म्हणे.
फटीतून पाहिलं. बदामी. एक ओघळ नाही.
हे त्याला सांगितलेलं नाही.

कापड शुक्रवारी येईल.
पहाटेच लावायचं, पत्रा तापायच्या आत.
चार हात लागतात त्याला.
आमचे भरतात चार. त्यातला एक हल्ली थरथरतो,
तो मध्यावर ठेवायला सांगीन,
तिथे ताणावं लागत नाही.