खालचा आवाज

वरच्या दोघांना शब्दच शब्द.
थर्स्टन सांगतो म्हाताऱ्या शिमोनची गोष्ट,
देवळात त्याने बाळ हातात घेतलं ती,
आणि त्याच वेळी, त्याच श्वासात
पोरगा विमंड भलतंच काही सांगतो:
समुद्र, अंधार, मेरी नावाचा तारा.
कुणी कुणासाठी थांबत नाही.
बाजारात दोन बायका एकदम बोलाव्यात
आणि दोघींचंही खरं असावं, तसं.

मला एक शब्द.
लॅटिनमधला ‘राहा’.
त्याचं पहिलं अक्षर धरतो तेव्हा मेणबत्ती बोटभर,
शेवटचं सोडतो तेव्हा
वात स्वतःच्याच मेणात बुडालेली.
सात सूर. मग गप्प. पुन्हा तेच सात.
तीन वेळा.
ओसबर्न विचारतो, हॅमो, तीस वर्षं झाली,
कंटाळा नाही येत?
बैलाला विचार, म्हटलं.

कातडं जुनंच आहे, खरवडून घेतलेलं.
तिरक्या उजेडात सुरांखाली अजून दिसतो
कुणा मेलेल्या कारकुनाचा हिशेब:
दलदलीपलीकडच्या कोळ्यांनी मठाला द्यायचे
वाम मासे चारशे वीस, पैकी आले तीनशे.
माझा तिसरा सूर
नेमका बाकीवर बसतो.

मेणबत्त्यांच्या सणाला, फेब्रुवारीत,
विमंडचा आवाज फुटला.
घसरला नाही. फुटला,
गोठलेल्या दलदलीवर पायाखालचा बर्फ फुटतो तसा,
आणि खाली किती खोल आहे ते सगळ्यांना कळलं.
पोरगा उघड्या तोंडाने उभा.
थर्स्टन गातच राहिला, शिमोनला अर्ध्यावर कसा सोडणार?
माझा सूर संपला होता.
इथे मी गप्प राहायचं, नऊ ठोके मोजायचे.

मोजले नाहीत.
तोच सूर धरून ठेवला छाती जळेपर्यंत.
होडी काठाला लागली तरी
उतरणाऱ्याचा दुसरा पाय जमिनीवर पडेस्तोवर
नावाडी बांबू रोवून ठेवतो ना,
तेवढंच.

मग कुठूनतरी, बरंच खालून,
एक घोगरा, न तासलेला, पुरुषाचा आवाज आला.
त्याचाच.
त्यालाही तो ओळखीचा नव्हता.
चाचपडत आला आणि
माझ्याच सुरावर बसला,
थंडीत कुत्रं पायाला टेकतं तसा.
तारा राहिला वरच, कुणीही न गायलेला.

नंतर इंगेल्रम रागावला.
गायकांचा प्रमुख तो, त्याने रागवायलाच हवं.
हॅमो, सूर लांबवलास. हिशेब चुकला.
चुकला, म्हटलं.

दुपारी हेरिंग होता, खारवलेला, तरी अळणी.
जेवताना बोलायचं नसतंच इथे.
विमंडला आज ते बरं वाटलं असावं.
मीठ हवं होतं, त्याने बोटांनी खूण केली.
मी सरकवलं.

पुढच्या वर्षी समुद्र कोण गाणार,
अजून ठरलेलं नाही.