चार मिलिमीटर

पहाटे पाचला मी घरं मोजायला निघायचो.
कालव्याकाठची घरं, एकमेकांच्या खांद्याला टेकून पेंगणारी,
प्रत्येकाच्या कपाळावर आम्ही ठोकलेला
काचेचा डोळा, सुपारीएवढा.

खाली पंधरा पुरुष खोल
यंत्र चिखल खात पुढे सरकत होतं.

ॲमस्टरडॅमखाली खडक नाही.
आहे ते पाइनच्या ओंडक्यांचं उलटं रान,
शेंडे खाली करून रोवलेलं.
पाण्यात आहे तोवर लाकूड टिकतं, हवा लागली की कुजतं.
हे मला कॉलेजात शिकवलं,
वेंडेला ब्लेकरबाईंना त्यांच्या प्लंबरनं.

बाईंचा माझ्या आकड्यांवर भरवसा नव्हता.
त्यांचं स्वतःचं यंत्र होतं: एक निळी गोटी.
स्वयंपाकघराच्या दारात ठेवायची, सोडायची.
साठ वर्षं ती टेबलाच्या पायाशी जाऊन थांबत आलेली,
लाद्यांना तिची वाट पाठ.

ज्या रात्री यंत्र त्यांच्या उंबऱ्याखालून गेलं
मी बाहेर दुर्बिणीला डोळा लावून, बोटं गारठलेली.
कुठे कपातला चमचाही किणकिणला नाही.
उजाडताच खिडकी उघडली,
शेजारी जागे होतील एवढ्या आवाजात:
"गोटी शेगडीखाली गेली!"

माझ्या वहीत, चार मिलिमीटर.

"लिहा," म्हणाल्या, "पण हेही लिहा
की हे घर माझ्या जन्माआधीपासून कलतंय.
आणि मी किती कलले
ते मोजायला कुणी आलं नाही."
त्यासाठी रकाना नव्हता.
मी समासात लिहिलं, पेन्सिलीनं.

गाडी सुरू झाली तेव्हा बाई आल्या,
हातात काठी, अंगात ठेवणीतला कोट.
"माझं घर आलं की सांगा."
मी छताकडे बघत सेकंद मोजले.
"आत्ता" म्हणेपर्यंत
गेलंसुद्धा:
चिखल, ओंडके, तळघरातली चाक नसलेली सायकल,
शेगडी, आणि तिच्याखालचा वीतभर अंधार.

पुढच्या स्टेशनात त्यांनी खिशातून गोटी काढली,
फलाटावर ठेवली. लोक थबकले.
गोटी हलली नाही.
काठीनं डिवचली, दोन हात गेली
आणि सरळ थांबली.

"छे," बाई म्हणाल्या, "इतकं सपाट!
इथं हरवलेली वस्तू शोधायची कुठं?"

गोटी उचलायला मी वाकलो.
गुडघा कट्कन वाजला.
बाईंनी ऐकलं.