उंडा

रायबंदरला पोदेराच्या भट्टीवर एक खोली आहे.
तिथे मंगळवारी आणि शुक्रवारी
मी दुसऱ्यांच्या तोंडाने बोलते.

वकीलबाई डिचोलीच्या. त्यांना सगळं मराठीत लागतं
आणि "तो म्हणतो की" चालत नाही.
जसं सांगितलं तसं. मी म्हणजे मी.

समोर सखीदाद, गझनीकडचा.
कागदावर वय एकोणतीस, हात पन्नाशीचे.
त्याच्या भाषेचं नाव दरी.
मराठीत दरी कशाला म्हणतात
हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.

माझी फारशी बंदर अब्बासची.
बाबा तिथल्या गोदीत कारकून,
सातव्या वर्षापर्यंत मी त्याच भाषेत भांडले, रुसले.
त्यामुळे 'तळघर' मला येत होतं, लपाछपीतून.
'जबाब' येत नव्हता.

त्याच्या क्रियापदांना बाई-पुरुष नसतो.
रफ्तम. गेलो, गेले, काहीही.
वाक्य माझ्यापाशी येऊन उभं राहतं,
कुठल्या दाराने जाऊ विचारतं.
मी म्हणते: मी पळालो.
मी ताडपत्रीखाली झोपलो.
मी भावाला हाक मारायला घाबरलो.
वकीलबाई लिहून घेतात.
खालून पावाचा वास वर येतो,
त्याला यातलं काहीच माहीत नसतं.

एका शुक्रवारी बेल वाजवून मी म्हटलं,
"दार उघड, मी आलो."
उल्हासने दार उघडलं. हसला नाही.

मग रात्री उठून भांडी घासू लागले,
घासलेलीच.
ताडपत्री दिसली, होडीवरची, बांगड्यांच्या टोपलीवरची,
की मोजायचे, खाली किती माणसं मावतील.

इनासिन्याकडे खोलीची किल्ली असते.
चोवीस वर्षं इस्पितळात रात्रपाळ्या काढलेली बाई,
जेवतेस का, झोपतेस का, तिने विचारलं नाही.
म्हणाली, फेरीबोटीत चढलीस
की चोडण येईपर्यंत तुझी तीन वाक्यं म्हण.
तुझी. मोठ्याने.
"लोक बघतील."
"पळोवं दी."

तर मी म्हणते, स्कूटरींच्या आणि गॅस सिलिंडरांच्या मधे उभी राहून:
मी भेंडी आणायला विसरले.
मी उल्हासवर उगाच चिडले.
मी खारफुटीतला बगळा बघत राहिले.
इंजिनाच्या धडधडीत कोणाला ऐकू जात नाही.
एखाद्या दिवशी तिसरं वाक्य सापडतच नाही,
तेव्हा पलीकडच्या धक्क्यापर्यंत
क्रियापदाची नुसती शेपूट हलवते:
ले, ले, ले.

याने भांडी थांबली असं नाही.
कमी झाली.
ताडपत्र्या अजून मोजते.

काल मुलाखत मध्येच अडली.
वकीलबाईंना फोन आला, त्या गॅलरीत गेल्या.
इनासिन्याने खालून उंडे आणले, कागदात, चटका देणारे.
सखीदादने एक मधोमध फाडला,
वाफ त्याच्या चष्म्यावर बसली,
आंधळ्यानेच अर्धा माझ्यापुढे सरकवला.
म्हणाला, तुझा घसा बसलाय. माझ्यामुळे.
मी नाही म्हटलं. घसा बसलेलाच होता.

वकीलबाई परत आल्या, पेनाचं टोपण काढलं.
"हं. पुढे?"
त्याने तोंड पुसलं आणि सावकाश सांगितलं,
गझनीचं नाही, सरहद्दीचं नाही.
मी सवयीने मराठी केलं:
मी गरम उंडा खाल्ला.

आणि थांबले.
खाल्ला.
इथे बाईही खाल्ला म्हणते, पुरुषही.
क्रियापद उंड्याकडे बघतं,
आमच्या दोघांकडे बघतच नाही.

"हे लिहू?"
लिहा, म्हटलं.
"कोणाचं म्हणून?"

तोंडात घास होता.
तो संपेपर्यंत मी उत्तर दिलं नाही.